मुश्ताकभाई मिक्सरवाले

मुश्ताकभाईंची आणि माझी ओळख शेंगदाण्याच्या चटणीमुळे झाली.

हिंगोलीच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. सामान अजून खोक्यांतच होतं आणि नेमका घरातला मिक्सर बंद पडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "स्टेशनाकडं जाताना डाव्या हाताला पाटी हाये बघा, मिक्सर दुरुस्ती. तिथं न्या." मी पिशवीत मिक्सर घातला, वर अर्धवट वाटलेल्या दाण्यांचं भांडंही घातलं आणि गेले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत साठीच्या जवळपासचा एक माणूस टेबलावर वाकलेला. आखूड पांढरी दाढी, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. त्याच्यापुढं दोन हात लांबीचं एक यंत्र पालथं पडलं होतं, पोटातल्या हिरव्या पाट्या आणि रंगीत तारा उघड्या टाकून. मी त्या यंत्राशेजारी माझा मिक्सर ठेवला. त्यानं आधी मिक्सरकडे पाहिलं, मग भांड्यातल्या दाण्यांकडे, मग माझ्याकडे.

"यात काय करता तुमी?"

"चटणी."

"हा बी मिक्सरच हाये म्याडम," समोरच्या यंत्रावर हात ठेवून ते म्हणाले. "ह्यात बत्तीस माईक येतात. बसवणाऱ्याला अक्कल नसली तर ह्यात बी चटणी होते. पण ती कानाची."

तेव्हा मला कळलं की कार्यक्रमात गाणाऱ्यांचे, बोलणाऱ्यांचे माईक आणि सगळी वाद्यं ज्या एका पेटीत येऊन मिळतात आणि तिथून लाउडस्पीकरला जातात, त्या पेटीलाही मिक्सरच म्हणतात. आणि हे गृहस्थ त्या पेट्या दुरुस्त करतात. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी 'साउंड मिक्सर' असं लिहायला सांगितलं होतं. जागा पुरेना म्हणून त्यानं 'साउंड' गाळला. "तवापासून बायका येऊन राहिल्यात," मुश्ताकभाई म्हणाले. "आता आलेल्याला परत कसं धाडायचं? मोटर ती मोटर."

मी पिशवी आवरायला लागले, तर त्यांनी एक जाडजूड वही उघडली. "बसा. काय झालं ते सांगा."

"बंद पडलाय."

"ते दिसून राहिलं. पहिल्यापासून सांगा. बंद पडायच्या आधी आवाज कसा होता? वास आलता का? घरात अजून काय काय चालू होतं?"

मी सांगत गेले आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की भांडं मी गळ्यापर्यंत भरलं होतं आणि मिक्सर आधी बराच वेळ कण्हत होता. त्यांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं एक लाल बटण अंगठ्यानं दाबलं, प्लग लावला. मिक्सर घुरघुरला.

"जास्त भरलं की हा बटन आपोआप पडतो. जळायच्या आधी मशीन बसून घेते. आपल्याला तेवढी बी अक्कल न्हाई," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पुष्कळ वर्षांनी मी ती वही चाळली. माझ्या पानावर लिहिलं होतं : 'मराठीच्या म्याडम. खरं बोलल्या.'

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाची अशी उलटतपासणी व्हायची. लाखमोलाची पेटी गाडीतून उतरवून घाईघाईनं "बघा जरा" म्हणणाऱ्या पोरांना ते पेटीला हातही लावायच्या आधी बाकावर बसवायचे. घरघर जनरेटर लावायच्या आधीपासून होती की नंतर? मंडपात ऊन होतं का? कुणाच्या हातून पाणी सांडलं? पोरं कावायची. पण निम्म्या वेळा दुखणं त्या बाकावरच सापडायचं आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशातच राहायचा.

मुश्ताकभाईंचे वडील कल्हईवाले. कळमनुरी, औंढ्याकडच्या गावांत भाता घेऊन फिरायचे, पितळी भांड्यांना कल्हई करायचे. स्टीलची भांडी आली आणि भाता घरी बसला. मुश्ताकभाई एका रेडिओवाल्याच्या हाताखाली लागले. तिथं पहिल्यांदा तारेला तार जोडताना वितळलेलं कथील बघून त्यांना हसू आलं म्हणे. "घरातलंच निघालं की! वडील भांड्याला लावायचे, मी तारेला लावून राहिलो." त्यांनी दिलेला टाका थेंबाएवढा, आरशासारखा चकचकीत असायचा. आणि टाका देताना त्यांचे गाल आपोआप फुगायचे, भाता फुंकल्यासारखे.

त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, तसं कार्यक्रमाला जाऊन मिक्सरवर बसण्याचंही काम होतं. मला निवेदनाची हौस. त्यामुळे शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुठला सत्कार असो, मी माईकच्या या टोकाला आणि मुश्ताकभाई त्या टोकाला, असं आमचं जवळजवळ आठ वर्षं चाललं.

माईकची चाचणी घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" त्यांच्यापुढं कुणी म्हटलं की ते हात जोडायचे. "हॅलो म्हणताना कुणीच स्वतःच्या आवाजात बोलत न्हाई. सगळे एसटीच्या स्टँडावर उभं राहिल्यासारखे बोलतात. सकाळी काय खाल्लं ते सांगा." आणि लोक सांगायचे. खाण्याबद्दल बोलताना माणूस खरोखरच स्वतःच्या आवाजात बोलतो. एकदा एका सत्काराला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांनी, स्पीकर बंद आहेत अशा समजुतीनं, मुश्ताकभाईंना सविस्तर सांगितलं : आज चतुर्थी, त्यामुळे फक्त साबुदाण्याचे वडे, तेही आधी चार, मग चटणी उरली म्हणून आणखी दोन. सभागृहातल्या चारशे माणसांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. साहेब लाल झाले. मुश्ताकभाई मागून शांतपणे म्हणाले, "आवाज एकदम बराबर आला साहेब. भाषणात बी असंच बोला." साहेब हसले आणि खरोखरच त्या दिवशी कागद बाजूला ठेवून बोलले.

जुने मिक्सर जाऊन डिजिटल मिक्सर आले तेव्हा मुश्ताकभाई साठी ओलांडून गेले होते. त्यांच्या वयाच्या बाकीच्यांनी हात टेकले. ह्यांनी त्या यंत्राचं इंग्रजी पुस्तक छापून आणलं आणि दर रविवारी सकाळी ते घेऊन माझ्याकडे यायला लागले. शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही उर्दू शाळेत. इंग्रजी अक्षरं जोडून वाचायचे. "म्याडम, हे वाक्य काय म्हणून राहिलंय?" माझं इंग्रजीही बेताचंच. आम्ही दोघं शब्दकोश मध्ये ठेवून एकेका वाक्याशी झगडायचो. मी अर्थ सांगायचे आणि मला त्या अर्थाचा अर्थ ते सांगायचे. असं करत दीड वर्षात आम्ही ते पुस्तक संपवलं. शेवटच्या रविवारी ते शीरखुर्मा घेऊन आले, ईद नसताना.

त्या पुस्तकातली एक गोष्ट त्यांना फार आवडली. डिजिटल मिक्सरमध्ये एकदा बसवलेली सगळी मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. पुढच्या वेळी ते नाव दाबलं की सगळं जसंच्या तसं समोर. मुश्ताकभाईंनी जिल्ह्यातल्या प्रत्येक बोलणाऱ्या-गाणाऱ्याची एकेक मांडणी केली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नावांची रांगच्या रांग दिसायची. एकदा मी ती वाचत उभी राहिले. एक वकील होते, त्यांच्या दोन मांडण्या होत्या, 'वकील' आणि 'वकील रागात'. माझ्या तीन निघाल्या. 'म्याडम', 'म्याडम सर्दी' आणि 'म्याडम शाळा तपासणी'.

"ही तिसरी काय?" मी विचारलं.

"वरचे साहेब आले की तुमचा आवाज बारीक व्हतो. मी खालून थोडा टेकू देतो," ते म्हणाले.

व्यापाऱ्यांच्या एका सभागृहात नवा डिजिटल मिक्सर आला होता. त्यावर आवाज वर-खाली करायला सरकत्या खुंट्या असतात, फेडर म्हणतात त्यांना. आणि नव्या मिक्सरमध्ये त्या छोट्या मोटरवर आपोआपही सरकतात. सहा महिन्यांत त्या खुंट्या मनाला येईल तशा हलू लागल्या. एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात तर कुणीही हात न लावता सगळ्या थरथरत वर गेल्या. सभागृहाच्या रखवालदारानं पेटीवर लिंबू-मिरची बांधली.

मुश्ताकभाईंनी पेटी दुकानात आणली, रखवालदाराला बाकावर बसवलं. सभागृहाच्या मागच्या खिडक्या कुठं उघडतात, एवढंच विचारलं. त्या उघडत होत्या हळदीच्या बाजाराकडे. मी त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी झाकण उचललं आणि आतलं सगळं पिवळंधमक. पंख्यानं सहा महिन्यांची हळद ओढून पोटात भरली होती.

"मुबारक हो," मुश्ताकभाई म्हणाले. "नवरदेवाला हळद लागली."

त्यातून कुणीतरी खुंट्या अडकतात म्हणून आत तेलाचा फवारा मारला होता. हळदीत तेल मिसळून उटणं झालं होतं. तीन दिवस बसून त्यांनी एकेक खुंटी सोडवली, स्पिरिटनं आणि लहान ब्रशनं धुतली, वाळवली, परत बसवली. दुसरा कुणी इथं थांबला असता. त्यांना मात्र पंख्यानं हळद परत ओढू नये याची तोड काढायची होती. जाळी लावून पाहिली, हळद जाळीतून जायची. जाड कापड लावलं, तर हवाच कोंडून पेटी तापायला लागली. मग आतून जैतूनभाभींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, एक जुना मलमलचा दुपट्टा आला. एक पदर लावला, थर्मामीटर आत ठेवला, तासभर पेटी चालवली. दोन पदर लावले, पुन्हा तासभर. एक पदर बरोबर ठरला. पंख्यावर दुपट्ट्याची चौकट बसली, दर महिन्याला काढून झटकायची. पुढं जिल्ह्यातले कितीतरी मिक्सर भाभींच्या दुपट्ट्यांतून श्वास घ्यायला लागले. भाभी मला म्हणायच्या, "मेरी पेटी खाली कर दी इन्होंने. सुनेला द्यायला एक दुपट्टा न्हाई राहिला."

असा हा हसतमुख माणूस चिडलेला मी एकदाच पाहिला. डोंगरकडा या गावी.

तिथल्या एका शाळेचा मोठा कार्यक्रम होता. सकाळची वेळ, मैदानात मंडप, पलीकडे केळीच्या बागा. निवेदन माझ्याकडे होतं. मंडपवाल्याचा मिक्सर घरघर करायला लागला म्हणून त्यानं आदल्या दिवशी मुश्ताकभाईंना फोन केला होता. त्यामुळे आम्ही एकाच जीपमधून गेलो. पोचलो तर मंडप भरलेला, कार्यक्रमाचे अध्यक्ष खुर्चीत, लाइट गेलेली म्हणून जनरेटर चालू आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा अखंड आवाज. धूळ बसावी म्हणून मैदानावर नुकताच पाण्याचा सडा मारला होता. मंचासमोर त्या ओल्या मातीत एक माईक उभा केला होता, आणि स्वागतगीतासाठी पाच मुली त्याच्याकडे निघाल्या होत्या. नव्या फ्रॉकमधल्या, रिबिनी बांधलेल्या, आणि अनवाणी.

मंडपवाला म्हणाला, "चाचा, प्लगची तिसरी पिन काढून टाकू का? घरघर जाती तेनं."

मुश्ताकभाईंनी त्याचा हात धरला. "ती पिन अर्थिंगची हाये. काढली की घरघर जाईल आन् कोणता तरी माणूस बी जाईल." आणि एकदम ओरडले, "ए पोरींनो! जागच्या हलू नका! माईकला हात न्हाई लावायचा!"

सगळा मंडप वळून बघायला लागला. मुश्ताकभाईंनी जनरेटरवरून आलेला मुख्य खटका खाली ओढला. घरघर थांबली. मागोमाग पंखेही थांबले. अध्यक्ष उठून आले.

"काय चाललंय? घरघर असली तर असू द्या. मला पुढं दुसरा कार्यक्रम आहे. चालू करा."

"न्हाई करणार साहेब."

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"तुमी मला हाकलून द्या, मी पायी जाईन हिंगोलीला. पण हा खटका मी वर करणार न्हाई, आन् दुसऱ्या कुणाला बी करू देणार न्हाई."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक छोटा बल्ब काढला. होल्डरला दोन तारा जोडलेला. मुलींना लांब खुर्च्यांवर बसवलं. एक तार माईकच्या जाळीला गुंडाळली, दुसरी एका खिळ्याला बांधून तो खिळा ओल्या मातीत रोवला. मग सगळ्यांना मागं सारून मंडपवाल्याला म्हणाले, "आता कर वर. फकस्त एकदा."

खटका वर गेला आणि बल्ब लागला.

मंडपातल्या माणसांना त्यातलं तांत्रिक काही कळलं नसेल, पण माईकला बांधलेला पेटता बल्ब सगळ्यांना कळला. अध्यक्ष तीन पावलं मागं सरकले. मंडपवाल्यानं खटका खाली ओढला आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तो सकाळपासून रबरी चपला घालून लाकडी फळीवर उभा होता, म्हणून वाचला होता.

वायरींच्या बोर्डात कुणीतरी कधीकाळी अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून ठेवली होती, आणि सकाळी जनरेटर लावताना दोन तारा उलट्या झाल्या होत्या. त्यामुळे जिवंत वीज थेट मिक्सरच्या पत्र्यात आणि तिथून वायरीवाटे माईकच्या जाळीत येत होती. मुश्ताकभाईंनी बोर्ड उघडला, तारा सोडवल्या, सरळ केल्या. मंडपामागं खड्डा खणून अर्थिंगची सळई ठोकायची म्हणाले, तर कुदळ आली, मीठ आलं, आणि पाण्याची बादली खुद्द अध्यक्षांनी उचलून आणली. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर चिखल उडाला. ते म्हणाले, "चाचा, अजून एक आणू का?"

अर्ध्या तासानं बल्ब परत माईकला लावला. पेटला नाही. मुश्ताकभाईंनी स्वतः चपला काढल्या, ओल्या मातीत अनवाणी उभे राहिले आणि माईक मुठीत धरला. त्यात बोलले, "सकाळी शिळी भाकरी खाल्ली, चहात बुडवून." मंडप हसला. मग मुली आल्या, गायल्या. घरघर नव्हती.

परतताना जीपमध्ये त्यांना कुणीतरी थर्मासमधला चहा दिला. त्यांनी कप न पिताच माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "निळी रिबिन बांधलेली होती ना म्याडम, तिनं हात पुढं केलता."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नाचाच्या मध्येच स्पीकरमधून एक बारीक, टोकदार शिट्टी सुरू झाली. माईकचा आवाज स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये शिरला की अशी शिट्टी उठते. मुलांनी कानांवर हात दाबले. मी मंचावरून मुश्ताकभाईंकडे पाहिलं. ते मान डोलावत, मजेत नाच बघत होते. तीन-चार सेकंद गेले. मग त्यांची नजर मिक्सरच्या पडद्याकडे गेली. तिथं आवाजाची आलेखपट्टी दिसते, त्यात एक काटा उंच उभा होता. त्यांनी झटकन बटण फिरवलं आणि शिट्टी गेली. इतर कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते मात्र कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यावरून नजर हलवेनात.

दोन दिवसांनी त्यांनी मला दुकानात बोलावलं. मिक्सरमधून हव्या त्या पट्टीचा सूर काढता येतो. छोटा स्पीकर लावून ते खालच्या सुरापासून वर चढत गेले. एका जागी थांबून म्हणाले, "आता मला काही येत न्हाई. तुमाला येतंय?"

येत होतं. बारीक, पण स्पष्ट. मी मान हलवली.

त्यांनी सूर आणखी वर नेला. "आता?"

मी काही बोलायच्या आत मागच्या पडद्यापलीकडून, घरातून, जैतूनभाभींचा आवाज आला. "बंद करो ना वो सीटी! कान फटरे मेरे!"

मुश्ताकभाई माझ्याकडे बघतच राहिले. "ती तर चुलीपाशी हाये," ते म्हणाले. त्यांनी सूर अजून वर नेला. मलासुद्धा आता काही ऐकू येत नव्हतं. पडदा सरकला आणि भाभी पिठाचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुमको सुनाई नई देता क्या?"

"न्हाई," ते म्हणाले. "नई देता."

चाळीस वर्षं स्पीकरच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचे कान होते ते. भाभींना कळायला वेळ लागला. कळलं तशा त्या बाकावर टेकल्या, पिठाच्या हातांनीच. मला वाटलं, आता मी इथून उठावं. पण मुश्ताकभाईंनी वही उघडली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि भाभींना विचारलं, "पहिल्यापासून सांग. ह्याच्या आधी कवा असं झालं, की तुला आलं न् मला न्हाई?"

भाभींनी सांगायला सुरुवात केली. कुकरची शिट्टी. नातवाच्या बुटातला चूं-चूं आवाज. चिमण्या. यादी लांबत गेली आणि लांबता लांबता दोघांना हसू फुटलं, कारण मधल्या कित्येक भांडणांचं मूळ त्यात सापडत होतं.

त्यांनी ते लपवलं नाही. ज्यांची कामं घेतली होती त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं, माझे वरचे सूर गेलेत, दुसरा माणूस हवा तर बघा. दोघा-तिघांनी बघितलाही. बाकीच्या कामांना मुश्ताकभाई भाभींना सोबत घेऊन जायला लागले. मिक्सरशेजारी दुसरी खुर्ची, खुर्चीत बुरख्यातल्या भाभी, मांडीवर सुपारीचा डबा. शिट्टी उठायच्या बेतात असली, आवाज जरासा जरी टोचला, तरी भाभींचं कोपर मुश्ताकभाईंच्या बरगडीत जायचं. कोपर हलकं लागलं तर थोडं कमी, जोरात लागलं तर फार कमी. पहिल्यांदा लोकांनी वळून वळून पाहिलं. एका संयोजकानं विचारलं, "चाचा, यांना काहून आणलं?" मुश्ताकभाई म्हणाले, "मला काहून आणलं ते इचारा. कान तर तिचे हायेत."

वर्षभरात भाभी कोपरावर थांबेनात. "हटो," म्हणून त्या स्वतःच खुंटी खाली ओढायच्या. त्यांना खुंट्यांची नावं ठाऊक नव्हती. 'वो ढोलकीवाली', 'वो रोती सो बाई' असं त्यांचं चालायचं. म्हणून मुश्ताकभाईंनी खुंट्यांखालच्या पट्टीवर उर्दूत तीच नावं लिहिली. आणि स्वतः श्रोत्यांत फिरायला मोकळे झाले. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांपाशी वाकून विचारायचे, "आजी, येतंय का?" आणि भाभींना लांबून हातानं खूण करायचे, वर किंवा खाली.

माझी बदली जालन्याला झाली त्याच्या आदल्या आठवड्यात औंढ्याला बायकांच्या भजनी मंडळांचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, मोठी शेड, खाली सतरंज्यांवर पाच-सहाशे बायका. निवेदनासाठी मी, आवाजाला मुश्ताकभाई आणि भाभी. एक सत्तरीच्या आजी गायला बसल्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खर्जातला, भरदार. पहिलं कडवं झालं आणि लाइट गेली. मिक्सर बॅटरीवर चालू राहिला, पण स्पीकर एकदम मुके झाले, पंखे थांबले. आजींचे डोळे मिटलेले. त्यांना काही कळलंच नाही, त्या गातच राहिल्या.

जनरेटरवाला धावला. मुश्ताकभाई शेडच्या मधोमध बायकांच्या गर्दीत उभे होते. त्यांनी हात वर केला आणि जनरेटरवाल्याला थांबवलं.

तो गोंधळून जागच्या जागी उभा राहिला. मीही. मग मला ऐकू आलं की बायका कुजबुजायच्या थांबल्यात. पुढच्या रांगा ओणव्या झाल्या, मागच्यांनी लेकरांना पदराखाली घेतलं. टाळ वाजवणाऱ्यांनी आपण होऊन हात हलका केला. आजींचा आवाज त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच चालला होता, कुठंही न अडता. मुश्ताकभाई मान किंचित तिरकी करून उभे होते. दोन्ही हात रिकामे. त्या खर्जातलं त्यांना सगळं ऐकू येत असणार.

थोड्या वेळानं त्यांनी मागं वळून भाभींकडे पाहिलं आणि भुवया उंचावून, ओठ न हलवता विचारलं, तिथवर येतंय का?

शेडच्या अगदी शेवटी, मुक्या स्पीकरांपलीकडे, भाभींनी हात वर केला.